बाकड्यावरची सोयरीक

“आकडी म्हणा, फिट म्हणा, मिरगी म्हणा. आम्ही एपिलेप्सी म्हणतो,” डॉक्टर म्हणाले, आणि माझ्या वडिलांनी पहिलं काम काय केलं, तर उठून केबिनचं दार नीट लागलंय का ते बघितलं.

दार लागलेलं होतं. तरी त्यांनी ते पुन्हा दाबलं. मग खुर्चीत येऊन बसले आणि म्हणाले, “साहेब, जरा हळू बोला.”

हे लातूरमधलं. आमचं गाव लोह्याकडचं, आणि लोह्याहून नांदेड जवळ. पण नांदेडच्या कुठल्याही दवाखान्याच्या पायरीवर आमच्याकडचं कोणी ना कोणी बसलेलं असतंच, म्हणून अण्णांनी मला थेट लातूर गाठायला लावलं. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. गावात त्यांचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान आहे. आता लगेच सांगून टाकते, लोहा आणि पुढं येणारं किल्लारी ही नावं मी खऱ्या गावांच्या जागी घातली आहेत. लातूर आणि नांदेड तेवढे खरे, कारण तिथं कुणी कुणाला सापडत नाही.

तुमच्या घरात कुणाला हा आजार निघाला असेल, आणि कुणी तुम्हाला “मुलांचा एक गट आहे, तिथं येत जा” असं सुचवलं असेल, तर माझं हे वाचा. गटात जाच. पण काय झाकायचं, कुणाचं झाकायचं आणि कुणी झाकायचं, हे आमच्या घराला जसं ठेच लागून कळलं तसं तुम्हाला कळू नये.

माझी सुरुवात चहाच्या कपापासून झाली. सकाळी उठलं की हात असा झटकन उडायचा आणि कप खाली. आई म्हणायची, “हाताला काय भोकं पडलीत का गं तुझ्या?” मीही हसायचे. दहावीचं वर्ष, अभ्यासाला जागरण, त्याचाच थकवा असेल असं सगळ्यांनी धरून चाललं. मग एका सकाळी मी न्हाणीच्या दारात पडले. जीभ चावली गेली, कपडे ओले झाले. जाग आली तेव्हा नाकाशी कुणाची तरी चप्पल होती आणि उशाला फोडलेला कांदा. चपलेच्या वासानं मी शुद्धीवर आले असं आमच्या गल्लीत आजही सांगतात. मी माझी माझी आले होते, पण चपलेला कोण नाही म्हणणार?

लातूरला ईईजी काढला. ईईजी म्हणजे डोक्याला गार चिकट मलम लावून तारा चिकटवतात आणि मेंदूतल्या बारीक विजेची रेघ कागदावर येते. दुखत काही नाही. डोळ्यांसमोर दिवा लुकलुकवतात, जोरजोरात श्वास घ्यायला लावतात. आदल्या रात्री झोपू नको म्हणून सांगितलं होतं, त्यामुळं मी चिडलेली होते. नंतर एमआरआय झाला, तो चांगला आला.

“मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेवर बोलतात,” डॉक्टर म्हणाले. “एरवी एक बोलते, दुसरी ऐकते. तुझ्या मेंदूत कधी कधी सगळ्या एकदम बोलायला लागतात. गोळी त्यांना गप्प बसवते.” माझ्या प्रकाराचं नाव त्यांनी ज्युव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी असं सांगितलं. म्हणजे वयात येताना सुरू होणारी, आधी हातांना झटके देणारी. गोळी बरीच वर्षं घ्यावी लागेल, कदाचित कायमची. जागरण बंद. बाकी शिक्षण, नोकरी, लग्न, मुलं, सगळं होतं.

“साहेब, हिच्या वरची एक पोरगी लग्नाची हाय,” अण्णा म्हणाले.

“मग? तिचा इथं काय संबंध?” डॉक्टरांनी विचारलं.

अण्णांनी पुन्हा दाराकडं बघितलं. संबंध काय ते अण्णांना आणि मला माहीत होतं. माझी थोरली बहीण, अक्का, तेव्हा बी.एस्सी. करून घरी होती आणि स्थळं येत होती. घराण्यात आकडी आहे असं एकदा कुणाच्या तोंडून निघालं की ते अक्काच्या पुढं चालत जाणार. त्या दिवसापासून माझा आजार हा माझा राहिलाच नाही. तो अक्काच्या लग्नाचा आजार झाला. गोळ्यांच्या पट्ट्या कापून दुसऱ्या डबीत ठेवायच्या, कुणी विचारलं तर रक्त कमी आहे म्हणायचं. आई म्हणायची, “झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई.” मला काय वाटतं, ते कुणी विचारलं नाही. मी स्वतःहून बोलून दाखवलं तर “तू लहान हाईस” असं उत्तर मिळायचं.

त्याच दवाखान्यात महिन्यातल्या एका रविवारी, वरच्या हॉलमध्ये, माझ्यासारख्या मुलामुलींचा गट बसायचा. समुपदेशक मॅडम तो घ्यायच्या. मी पहिल्यांदा तोंड वाकडं करूनच गेले. मॅडमनी आधी नियम सांगितले. इथं खरं नाव सांगायची सक्ती नाही, गाव तर विचारायचंच नाही. इथलं बोलणं जिन्याखाली न्यायचं नाही. फोटो नाही, मोबाईलवर गट नाही. बाहेर कुणी दिसलं तर समोरच्यानं ओळख दाखवल्याशिवाय आपण दाखवायची नाही. “स्वतःची गोष्ट कुणालाही सांगा, ती तुमची आहे,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्याची मात्र चांगल्या हेतूनंसुद्धा नाही. आणि कुणाच्या जिवाला धोका आहे असं मला वाटलं, तर मी गप्प बसणार नाही. पण ते आधी त्याला सांगेन, मगच घरच्यांना.” हे शेवटचं त्यांनी सांगितलं म्हणूनच माझा त्यांच्यावर विश्वास बसला. सगळं पोटात ठेवते म्हणणारी माणसं मी बरीच बघितली होती.

नाव म्हणून मी घेतलं ‘मिरची’. सगळ्यांत बारीक अंगाच्या पोरानं घेतलं ‘वाघ’. आम्ही इतके हसलो की मॅडमना दार लावावं लागलं.

आत काय काय बोलणं व्हायचं ते मी सांगणार नाही. उत्सुकता दाबून ठेवा. माझं तेवढं सांगते. मी पहिल्याच दिवशी म्हणाले की मला फिटची भीती वाटत नाही, फिटनंतर डोळे उघडल्यावर भोवतीची तोंडं दिसतात त्यांची वाटते. आणि हॉलमधल्या सगळ्यांनी माना हलवल्या. माझ्या घरात माझ्यावर जीव टाकणारी तीन माणसं होती, पण अशी मान कुणी हलवली नव्हती. परत येताना बसमध्ये मला छान झोप लागली.

आता बाकड्याकडं येते. मॅडमनी आतल्यांसाठी नियम केले. बाहेरच्यांसाठी करायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. हॉलबाहेर एक लांब बाकडं होतं, तिथं आईबाप बसायचे. आणि आमच्याकडं दोन माणसं शेजारी बसली आणि त्यांनी एकमेकांना गाव विचारलं नाही, तर त्यांचं भांडण आहे असं समजतात. त्यात अण्णा म्हणजे अर्क. एसटीत शेजारी बसलेल्या माणसाचं मामाकूळ त्यांना पुढच्या थांब्याच्या आत कळलेलं असतं. लोकांनी आपल्याला ओळखू नये म्हणून हा माणूस मला घेऊन लातूरपर्यंत आला, आणि बाकड्यावर टेकल्या टेकल्या शेजारच्याला म्हणाला, “पाव्हणं, गाव कोणतं म्हणायचं?”

शेजारचे होते वाघाचे वडील. किल्लारीकडचे. वाघ लातूरला वसतिगृहात राहून अकरावी करत होता, हे गटाच्या दिवशी त्याच्यासाठी यायचे. गावावरून मामाकूळ निघालं, मामाकुळावरून पोरी कुठं दिल्या ते निघालं, आणि आम्ही आत एकमेकांची खरी नावंही न विचारता बसलो होतो तेव्हा बाहेर या दोघांनी मधली दोन घरं जोडून नातं लावून टाकलं. तिसऱ्या रविवारी तर ते डबा वाटून खात होते. आणि एके दिवशी बसमध्ये अण्णा मला म्हणाले, “अक्काला स्थळ हाय. कारखान्यात नोकरीला हाय पोरगा.”

“कुठून कळालं?”

“बाकड्यावर. तेंचा सख्खा भाचा हाय.”

मला हसावं का रडावं कळेना. घरी आईनं डोक्याला हात लावला. “अहो, त्या माणसाला आपलं सगळं ठाऊक हाय की.”

“म्हणून तर,” अण्णा म्हणाले. “आपलं तेच्याजवळ, तेचं आपल्याजवळ. तेरी भी चूप, मेरी भी चूप. असा सोयरा दिवा घेऊन धुंडलं तरी घावायचा न्हाई.”

मी म्हटलं, नवऱ्यामुलाच्या घरी सांगा ना माझं, आधीच सांगा. तर अण्णा म्हणाले की मुलाचे मामा, म्हणजे वाघाचे वडील, आपल्या बहिणीला, म्हणजे मुलाच्या आईला, योग्य वेळ बघून सांगणार आहेत. शब्द दिलाय त्यांनी. तोवर दोन्ही घरांची ओळख लातूरला बियाण्याच्या दुकानात झाली, असं सांगायचं ठरलं. अण्णा पंप दुरुस्त करतात, त्यांचं बियाण्याच्या दुकानात काय काम, हा प्रश्न कुणाला पडला नाही.

सुपारी फुटायच्या दिवशी पाहुणे आमच्या घरी आले. मामाबरोबर वाघही होता. मी पाण्याचा ट्रे घेऊन त्याच्यासमोर उभी राहिले. त्यानं माझ्याकडं बघितलं, जसं पहिल्यांदाच बघतोय. “थँक्यू,” म्हणाला आणि ग्लास उचलला. आम्ही दोघं पक्के. घाम फुटला तो मोठ्यांना. अण्णांनी मामाला दोनदा सांगितलं, “तुमाला कुठंतरी बघितल्यावाणी वाटतंय.” अक्काला मुलगा आवडला होता. तिनं तोंडानं सांगितलं नाही, पण फोन आला की ती गच्चीवर जायला लागली. मला तिचा फार आनंद झाला होता, पण रोज सकाळी उठल्यावर मामानं बहिणीला सांगितलं का, असं मी अण्णांना विचारत राहायचे आणि अण्णा म्हणायचे, “सांगतो म्हणलेत की.”

मग बस्ता आला. आमच्याकडं लग्नाचे कपडे दोन्ही घरची माणसं एकत्र बसून घेतात, त्याला बस्ता बांधणं म्हणतात. नांदेडच्या एका मोठ्या कापड दुकानात, वरच्या मजल्यावर, पांढऱ्या गाद्यांवर आम्ही सगळे बसलो. समोर साड्यांचा ढीग. भिंतीला आरसे, आरशांभोवती लुकलुकणाऱ्या माळा. घरी पाहुणे म्हणून दोन दिवस माझी झोप नव्हती. गोळी मी घेतली होती, पण या आजारात नुसती गोळी पुरत नाही, झोपही औषधासारखीच वेळेवर लागते. मला माहीत होतं. पण बहिणीच्या बस्त्याच्या दिवशी मी झोपते कसं म्हणणार?

दुकानवाल्यानं चहा दिला. माझा हात उडाला. चहा एका मोरपंखी साडीवर गेला, आणि मला कळलं की आता काय होणार. अक्काला हाक मारायला तोंड उघडलं. ती हाक बाहेर पडली की नाही, ते मला माहीत नाही.

पुढचं अक्कानं नंतर सांगितलेलं. मी पडले तशी बायका ओरडल्या. कुणीतरी चप्पल आणा म्हणालं, पण चपला खाली काढलेल्या होत्या म्हणून तेवढी वाचले. कुणी चमचा मागितला, दातांत घालायला. आणि गर्दीतून वाघ पुढं आला. “लांब सरका. तोंडात काही घालू नका. तिला दाबून धरू नका,” असं म्हणत त्यानं माझ्या डोक्याखाली साडीची घडी सरकवली. झटके थांबल्यावर मला कुशीवर वळवलं, आणि तोवर डोळे घड्याळावर ठेवले. पाच मिनिटांच्या वर गेलं तर दवाखान्यात न्यायचं असतं, म्हणून. तेवढं लागलं नाही.

“तुला रे कसं ठाऊक एवढं?” त्याच्या आत्यानं, म्हणजे अक्काच्या होणाऱ्या सासूबाईंनी विचारलं.

“शाळेत शिकवलंय,” तो म्हणाला.

मग त्या आपल्या भावाकडं वळल्या. “दादा, ही पोरगी अशी हाय? तुला म्हाईत होतं का?”

आणि मामा म्हणाले, “मला काय ठाऊक बाई? आमची तर फसवणूकच झाली.”

मी डोळे उघडले तेव्हा तोंडांचं रिंगण होतंच. पण सगळ्यांत जवळ वाघाचं होतं, आणि त्याला बघून मला भीती वाटली नाही. तो रडत होता. का रडतोय ते मला तेव्हा कळलं नाही, कारण त्याच्या बापाचं वाक्य मी ऐकलं नव्हतं.

निवडलेल्या साड्या तशाच गादीवर ठेवून आम्ही घरी आलो. किल्लारीकडून निरोप आला की बसून काय ते ठरवू, तुम्ही या.

अण्णांचा मी असा राग कधी बघितला नव्हता. “त्या भामट्याचं पितळ उघडं करतो,” ते म्हणत राहिले. “भर बैठकीत सांगतो की तुमच्याच भावाच्या पोराला हाय. कुठं बसून ओळख झाली तेबी सांगतो. मग बघू कोणत्या तोंडानं मोडतेत.” आणि सांगायला वाईट वाटतं, पण ते चाललं असतं. घरच्या रक्तात आहे म्हटल्यावर त्यांना नाही म्हणायला जागाच उरली नसती. अण्णांच्या हातात अक्काचं लग्न होतं, आणि त्यासाठी एकच वाक्य बोलायचं होतं.

वाघाचं काय गेलं असतं, तेही सांगते. एवढं लिहायची मला मुभा आहे. त्याच्या आधीच्या शाळेत वर्गात फिट आली, त्यानंतर त्याच्या बाकावर कुणी बसेना, आणि त्यानं ती शाळा सोडली. लातूरला वसतिगृहात त्याच्याबद्दल फक्त रेक्टरना ठाऊक होतं. तिथं त्याच्या आत्याच्याच भावकीतली दोन मुलं होती. बारावी तोंडावर आली होती. आत्याला कळलं की गावाला कळणार, आणि गावाला कळलं की वसतिगृहाला.

“अण्णा, ते तुम्ही सांगायचं न्हाई,” मी म्हणाले. “ते तुमचं न्हाईच.”

“मग काय करू? गप्प बसू? तुझ्या बहिणीचं काय?”

नियम मी पाळायचा आणि किंमत अक्कानं मोजायची, हा कुठला न्याय? मला त्या क्षणी मॅडमचाही राग आला, त्यांच्या नियमांचाही.

अक्का तिथंच पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं ठेवलं. “तेच्या बापानं तोंड फिरवलं, अण्णा. पोरानं न्हाई फिरवलं. मी बघून राहिले होते,” ती म्हणाली. “तेला उघडं पाडून मिळालेल्या घरात मला नांदायला धाडू नका.” आणि परत लाटायला लागली. पोळी वाकडीतिकडी होत होती. अण्णा उठून दुकानात गेले. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

बैठकीला मी हट्टानं गेले. माझ्यावरून बैठक, आणि मी घरी बसू? भूकंपानंतर वसवलेलं ते गाव, सगळ्या गल्ल्या सारख्या, सगळी घरं सारखी, विचारत विचारत घर गाठलं. वाटेत जीपमध्ये माझे हात थरथरत होते आणि हे झटके आहेत की भीती, ते मला ओळखू येत नव्हतं.

आत सतरंजीवर पुरुष, दाराशी बायका. नवरामुलगा खाली बघत बसलेला. मामा भिंतीला टेकून. वाघ नव्हता, तो लातूरलाच होता. चहा आला. कुणी सुरुवात करेना, तेव्हा मीच केली. मला कोणता आजार आहे, कधीपासून आहे, गोळी कोणती, डॉक्टर काय म्हणतात, आणि अक्काला यातलं काहीही नाही, हे सगळं मी सांगितलं. हे मी पहिल्यांदाच दार न लावता बोलत होते.

सासूबाई वाईट नव्हत्या, हे सांगायलाच पाहिजे. त्या म्हणाल्या, “पोरी, तुझं काई वाईट चिंतत न्हाई मी. पण आमाला आधी सांगायला पाहिजे होतं.” त्यांचं बरोबर होतं. मग त्या अण्णांकडं वळल्या. “आता एक खरं सांगा. आमच्या दादाची न् तुमची ओळख कुठली? तेला हे आधी ठाऊक होतं का?”

सगळे अण्णांकडं बघायला लागले. मामांनी चहाचा कप खाली ठेवला. मी अण्णांच्या बाहीला हात लावणार होते, पण लावला नाही. अण्णांनी मामांकडं बघितलं.

“बियाण्याच्या दुकानात,” अण्णा म्हणाले. “तेंना काई ठाऊक नव्हतं. चूक माझी हाय. मी लपवलं.”

“मग राहू द्या,” सासूबाई म्हणाल्या. नवरामुलगा काहीतरी बोलेल असं मला वाटलं होतं. तो बोलला नाही.

आम्ही बाहेर आलो. अण्णा फाटकाशी चपला घालत होते तेव्हा मामा मागून आले. “पाव्हणं,” एवढंच त्यांच्या तोंडून निघालं आणि त्यांनी हात जोडले. मला वाटलं आता अण्णा त्यांची गचांडी धरतात. अण्णा वर न बघता म्हणाले, “पोराची गोळी चुकू देऊ नका. परीक्षेचं जागरण करू देऊ नका.” आणि जीपकडं चालायला लागले.

जीपमध्ये अण्णा रडले. मी त्यांना तोवर कधी रडताना बघितलं नव्हतं. मी त्यांचा हात धरून बसले. मला अण्णांचा अभिमान वाटत होता, आणि अक्काला घरी काय सांगायचं याची भीतीही. अक्कानं दारातच आमची तोंडं बघितली आणि सगळं ओळखलं. ती गच्चीवर गेली. त्यानंतर कितीतरी दिवस ती माझ्याशी नीट बोलली, पण हसली नाही.

ही किंमत मी लपवणार नाही. गोपनीयता म्हटलं की लोकांना वाटतं, नुसतं गप्प बसायचं, त्यात काय. कधी कधी गप्प बसायला दुसऱ्याच कुणाचं तरी काहीतरी जातं.

पुढचं थोडक्यात. मी मॅडमना माझ्या वाट्याचं तेवढं सांगितलं. आता तिथं आईबापांनाही वेगळ्या खोलीत बसवतात आणि नियम त्यांनाही सांगतात. तुम्ही मुलाला गटात घालाल तेव्हा एवढं विचारून घ्या, आतलं कोण ऐकतं, बाहेर कोण बसतं, आणि कोणत्या गोष्टीत मॅडम किंवा सर गप्प राहणार नाहीत. उत्तर देताना कुणी चिडलं तर तिथं घालू नका.

अक्काच्या पुढच्या स्थळांना पहिल्या भेटीतच, पोह्यांच्या आधी, मी स्वतः सांगायला लागले. आईला ते आवडायचं नाही. पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? दोन स्थळं त्यावरून गेली. तिसरं राहिलं. दाजी माझ्याकडून फिट आली तर काय करायचं ते शिकून घेऊनच लग्नाला उभे राहिले. अक्का आता नांदेडला असते, आणि हसते. मी तिथंच कॉलेजला आहे. गोळी चालू आहे, झोप सांभाळते, बऱ्याच दिवसांत फिट नाही.

वाघानं बारावीनंतर आत्याला स्वतः सांगितलं, एवढंच त्यानं मला कळवलं. आत्या काय म्हणाली ते त्यानं सांगितलं नाही आणि ते इथं येण्याचं कारणही नाही. त्यानं सांगितल्यावरच मी हे लिहायला घेतलं, आणि लिहून झाल्यावर आधी त्याला पाठवलं. त्यानं एक पूर्ण परिच्छेद खोडला. मी तो काढून टाकला. बाकी ठेव म्हणाला.

हे सांगायला त्यानं फोन केला तेव्हा मी सुट्टीत गावी होते. बैठकीत आणि फाटकाशी अण्णा काय बोलले, ते त्याला हे वाचेपर्यंत माहीत नव्हतं. त्याच्या वडिलांनी घरी सांगितलंच नव्हतं. इतकी वर्षं तो असंच समजत होता की त्याचं नाव घ्यायची आमच्यातल्या कुणाची हिंमत झाली नाही.

“अण्णा हायत का जवळ?” त्यानं विचारलं.

मी फोन अण्णांना दिला. अण्णा तो घेऊन अंगणात गेले आणि मला पाठ करून उभे राहिले. तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. अण्णा आत आले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. मी विचारलं नाही.